दांड्याचं दुसरं टोक

अण्णा,

कॉलेजला जाणारी बस अजून त्याच चौकाला वळसा घालून जाते. आधी तुमची पाठ दिसते, मग खांदा, मग हात, आणि बस सिग्नलला थांबली तर चेहरा. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा कॉलेजला निघाले तेव्हा हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी खिडकीशी बसले होते. बस वळली आणि तुम्ही उभे होतात. कामाचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत दांडा. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं गं, मळमळतंय का?" मी नुसती मान हलवली. त्यांनी पिशवीतून आवळासुपारी काढून दिली. ती तोंडात धरून मी कॉलेजपर्यंत गेले.

आता मी त्या बाजूला बसत नाही. पण त्याने काही फरक पडत नाही. डोळे मिटून बसले तरी मला कळतं, आता पाठ, आता खांदा. घरातही तसंच आहे. सकाळी तुमच्या खोकल्याची वेळ झाली की आई पाण्याचा तांब्या उचलते. उचलते, थांबते, परत जागेवर ठेवते. 

वडिलांबद्दल काहीतरी लिहून दे, असं आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या. मला असं काही लिहिता येतं का, ते माहीत नाही. आपल्या घरात मी पहिलीच कॉलेजात गेलेली, आणि घरच्या माणसाशी कागदावर बोलायची आपल्याला कुणालाच सवय नाही. तुमचं नाव, गाव, वय हे पेपरातल्या छोट्या चौकटीत येऊन गेलं. त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला चौकातल्या त्या पुतळ्याबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण तिथंच राहिलं. आणि तुम्ही गेल्यावर त्याचं पुढं काय झालं, ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

मी शाळेत होते तेव्हा सातपूरच्या कारखान्यांचं कौतुक म्हणून चौकात कामगाराचं शिल्प उभारायचं ठरलं. इंदिरानगरला राहणारे एक शिल्पकार त्यासाठी माणूस शोधत कारखान्यांतून फिरत होते. तुमच्या फाउंड्रीत ते आले तेव्हा सगळ्यांनी तुम्हालाच पुढं ढकललं. घरी येऊन तुम्ही हसत सांगितलं होतंत, "म्हणतात, नाक सरळ हाय. एवढी वर्षं त्यात वाळूच भरली, आज उपयोगाला आलं."

त्यांना तुमचं ओतकाम दाखवायचं होतं. ते काम मी कधी बघितलं नाही, तुमच्या तोंडून ऐकलं तेवढंच. भट्टीतलं वितळलेलं लोखंड जड भांड्यात घ्यायचं आणि वाळूच्या साच्यापर्यंत न्यायचं. त्या भांड्याला तुम्ही लॅडल म्हणायचात. लॅडलला दोन्हीकडून लांब दांडा असतो. पुढं एक माणूस, मागं एक. पुढचा 'टेक' म्हणाल्याशिवाय मागच्याने दांडा खाली ठेवायचा नाही, मग हात तुटले तरी चालेल. कारण मागच्याने सोडलं, तर सगळं पुढच्याच्या अंगावर जातं.

तुमच्या पुढं शिवरामकाका असायचे. पेठ तालुक्यातले. उन्हाळ्यात गावी गेले की माझ्यासाठी पानांच्या द्रोणात करवंदं आणायचे आणि "वैशे, काळी काळी तू खा, कच्ची तुझ्या बापाला दे" म्हणायचे. मी लहान असताना फाउंड्रीत अपघात झाला आणि ते गेले. कारखान्याने चूक त्यांचीच ठरवली. मला एवढंच माहीत होतं. आपल्या घरात त्यानंतर त्यांचं नाव निघाल्याचं मला आठवत नाही. करवंदंही कधी आली नाहीत.

तुम्ही शिल्पकारांना सांगितलं होतंत म्हणे, "साहेब, हे जोडीचं काम हाय. समोर माणूस लागतो." त्यांनाही ते पटलं होतं, पण चौथऱ्यावर जागा एकाचीच होती. म्हणून त्यांनी दांड्याचं पुढचं टोक एका दगडावर टेकवलं. परवा ते भेटायला आले होते. म्हणाले, "तुझे वडील माझ्या शेडमध्ये दांडा धरून उभे राहायचे. मी म्हणायचो, दादा, ठेवा आता, चहा घेऊ. ते ठेवायचेच नाहीत, समोर बघत राहायचे. शेवटी मी कुणाला तरी दुसऱ्या टोकाला उभं करायचो. त्याने 'टेक' म्हटलं की मग ठेवायचे. मला वाटायचं, माझी गंमत करतायत."

आईने त्यांच्यापुढं चहा ठेवला. आईला तो पुतळा पहिल्या दिवसापासून नको होता, हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी पुतळ्याला टिळा लावला, गळ्यात हार घातला. आपण तिघं मांडवात होतो. आई ताडकन उठली आणि घरी निघून आली. तुम्ही मागोमाग आलात, तर ती मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दारातच उभी.

"जित्त्या माणसाचा पुतळा कुणी करतं का?"

"अगं, सिमेंटचा हाय तो."

"सिमेंटचा असू दे नायतर सोन्याचा. तोंड तुमचं हाय ना? फोटोला हार घालताना माणूस दहादा बघतो, अन् ह्यांनी अख्खा माणूस उभा करून हार घातला."

तिने तुमची दृष्ट काढली. तुम्ही शहाण्या मुलासारखे उभे राहिलात आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून डोळे मिचकावलेत. त्या दिवसापासून आई बाजाराला जाताना कधी चौकातून गेली नाही. मागच्या गल्लीतून लांबचा फेरा घालून जायची.

पण आईला जे वाटलं ते सगळ्या गावालाच वाटलं. पुतळा आहे म्हणजे माणूस गेलेला असणार. गेलेला आहे म्हणजे कसा तरी गेला असणार. खाली नाव नाही, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्याने जोडलं. फाउंड्री बंद पडली, जुने कामगार पांगले, आणि मग ती गोष्ट खोडून काढायला कुणी उरलंच नाही.

माझ्या अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत आपण दोघं चौकातल्या टपरीवर चहाला थांबलो होतो. शेजारी एक रिक्षावाला होता. तुम्ही पुतळ्याकडं बघत होतात, तर तो आपणहून म्हणाला, "नवीन दिसता गावात."

"हां," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही कपातच बघत होतात.

"फाउंड्रीवाला आहे तो. लोखंड सांडलं अंगावर. जागच्या जागी खलास. कंपनीने सगळं दाबलं, पण पब्लिकने पुतळा बसवला ना."

"माणूस कसा व्हता?" तुम्ही विचारलंत.

"देवमाणूस. माझ्या मेव्हण्याच्या चांगल्या ओळखीतला."

"चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो," मी मुद्दाम म्हटलं.

त्याने पुतळ्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं, मग परत पुतळ्याकडं. "कंपनीतली माणसं सगळी सारखीच दिसतात, ताई." कप ठेवून तो रिक्षात बसला, निघताना पुतळ्याला हात जोडले. आणि अण्णा, त्याच्याबरोबर तुम्हीही जोडलेत. स्वतःच्याच पुतळ्याला. मला हसू आलं नाही. 

घरी येताना मी तुम्हाला विचारलं, "खरं सांगितलं का नाही त्याला?"

"काय सांगायचं? मी जित्ता हाय म्हणून?"

"तो खोटं बोलत होता."

"गोष्ट खोटी नाय त्याची."

"तुमच्या अंगावर कधी सांडलं लोखंड?"

तुम्ही पुढं चालायला लागलात. तेव्हा मला शिवरामकाका आठवले नाहीत. माझ्या डोक्यात दुसरंच होतं, आणि ते पुढं वाढतच गेलं. कॉलेजात मैत्रिणींना मी सांगितलं, चौकातला पुतळा माझ्या वडिलांचा आहे, तर त्या हसल्या. एक म्हणाली, "मग वडील वारले तुझे?" मला वाटायचं, खाली तुमचं नाव असावं. कुणाला तरी बोट दाखवून सांगता यावं. त्यांच्या घरांत डॉक्टर होते, वकील होते, भिंतीवर पदव्या होत्या. आपल्याकडं मिरवावं असं ते एकच होतं आणि तेही तुम्ही घेऊ देत नव्हता.

दर वर्षी कामगार दिनाआधी पुतळ्याला रंग द्यायचे आणि दर वर्षी आपलं तेच भांडण व्हायचं.

"पाटी लावा म्हणून सांगा ना एकदा. तुमचं ऐकतील ते."

"नाव नाय तेच बरं हाय."

"का पण?"

"नाव लावलं की मग तो एकाचाच होतो."

मला वाटायचं हा तुमचा भिडस्तपणा. गेल्या वर्षी मी चिडून म्हणाले, "तुम्हाला कधी एखादी गोष्ट आपली म्हणताच आली नाही." तुम्ही खोकत होतात, म्हणून उत्तर आलं नाही, की द्यायचंच नव्हतं, ते मला आता कळणार नाही.

रंगावर रंग चढत गेले. नाक बोथट झालं, भुवया बुजल्या, रुमालाच्या गाठीचा नुसता गोळा झाला. इकडं तुम्ही वाळत चालला होतात. छातीतली वाळू जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मी बसमधून त्याला बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला, आणि मला वाटायचं, तुमच्यातलं जे कमी होतंय ते तिकडं त्याच्या अंगावर चढतंय. असं वाटणं वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण वाटायचं.

तुमच्या दहाव्यानंतर दोन-चार दिवसांनी युनियनमधली तुमची जुनी माणसं घरी आली. त्यांच्याबरोबर नगरसेवकांचा माणूस होता. युनियनचे भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, आम्ही ठरवलंय. येत्या कामगार दिनाला पुतळ्याखाली पाटी बसवायची. दादांचं पूर्ण नाव, गाव. संगमरवरी दगडात."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं जे मागत होते ते चालून आलं होतं. मी आईकडं बघितलं. वाटलं, ती नको म्हणेल.

"लावा," ती म्हणाली. "आता काय हरकत हाय?"

नाव कसं लिहायचं ते मी त्यांना सांगणार होते. ते पुढच्या आठवड्यात परत येणार होते. त्या मधल्या दिवसांत मला जरा बरं वाटलं, अण्णा, खोटं कशाला सांगू. एकदा तर मी बसमध्ये त्या बाजूला बसले आणि तुमच्याकडं सरळ बघितलं.

मग काशीकाकू आल्या. शिवरामकाकांच्या बायको. मी त्यांना ओळखलंच नाही. त्या आता मखमलाबादकडं भावाच्या मळ्यात राहतात, फुलांचं करतात. आईच्या गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसून सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "येताना चौकात आमच्या मालकाला फुलं ठेवून आले."

आईला कळलं नाही. "कुठं?"

"पुतळ्यापाशी. दर अमुशाला येते की मी. तुम्ही कधी दिसला नाय तिकडं."

"अहो काशीबाई, तो तर ह्यांचा..."

"तोंड भाऊंचं हाय, ते मला दिसतंय ना." तुम्हाला त्या भाऊच म्हणतात. "पुतळा बसवला, त्याच्यानंतर भाऊ घरी आले व्हते. म्हणाले, वहिनी, चौकात शिवरामला उभा केलाय. मी म्हटलं, भाऊ, तोंड तर तुमचं दिसतं. तर म्हणाले, तोंड माझं घेतलं, माणूस तो हाय. तुम्ही येत जा. मला शेवटचं तोंडबी बघू दिलं नव्हतं, बाई. घरात फोटो नाय एक. मग मी जाया लागले. आता नातू हाय माझा. त्याला नेते. तो पोरांना सांगतो, माझा आजा चौकात हाय."

 मला तो रिक्षावाला आठवला आणि तुमचे जोडलेले हात.

माझ्या तोंडून निघून गेलं. "काकू, अपघात झाला त्या दिवशी अण्णांनी दांडा आधी सोडला होता का?"

आईने माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. काशीकाकूंनी पदर सावरला.

"मी तिथं नव्हते, बाई. भाऊ एकदा सांगाया लागले व्हते. मधीच थांबले. मी म्हटलं, भाऊ, चहा घ्या."

एवढंच. त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. मलाही आता विचारायला कुणी नाही. मी तुमच्या हातांबद्दल आठवून बघते, तळव्यांवर जुने डाग होते. ते त्या दिवसाचे होते की रोजच्या कामाचे? लहानपणी ते हात माझ्या पाठीवर खरखरायचे तेवढंच मला आठवतं. तुम्ही सोडला असेल तर त्या शेडमध्ये 'टेक' ऐकल्याशिवाय का ठेवत नव्हता, ते मला समजतं. आणि सोडला नसेल तरीही समजतं. या दोन्हींत मला तुम्ही कमी-जास्त दिसत नाही. हे मला तुम्हाला जिवंतपणी सांगायला मिळालं असतं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "मला चौकात घेऊन चल." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या रस्त्याने आली. उन्हात पुतळ्याखाली उभी राहिली. चौथऱ्याला लावलेल्या दातेरी चाकांत कुणीतरी कागदी कप खुपसले होते. दगडावर टेकलेल्या त्या टोकाशी झेंडूची फुलं होती, अजून सुकली नव्हती. आई बराच वेळ वर बघत होती. मला वाटत होतं, तिने म्हणावं की हे ते नाहीतच. रंगाच्या थरांखाली आता कुणाला काय दिसणार?

"कान बघ," ती म्हणाली. "डावा कान जरा वाकडा. तुझ्या बापाचाच हाय."

परत येताना तिने बाजारातून मेथीची जुडी घेतली. घरी येऊन निवडायला बसली. मी समोर बसले.

"पाटी लागली तर काशीबाईने कुठं जायचं?" ती मेथीकडं बघत म्हणाली.

मला राग आला, अण्णा. तुमच्यावर. काशीकाकूंकडं फोटो नाही, पण आमच्याकडं तरी काय आहे? लग्नातला एक आणि कंपनीच्या ओळखपत्रावरचा एक, ज्यात तुम्ही घाबरल्यासारखे दिसता. तुमचा उभा, धडधाकट, खोकल्याच्या आधीचा असा तो एकच होता. तो तुम्ही आम्हाला न विचारता देऊन टाकलात. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आईने हाक मारली नाही.

भाऊसाहेब ठरल्याप्रमाणे आले. नगरसेवकांचा माणूस बरोबर होता. तुमच्या फोटोसमोर सगळे सतरंजीवर बसले. त्या माणसाने पेन काढलं. "हं, ताई, दादांचं नाव कसं लिहायचं सांगा."

मी म्हणाले, "तो पुतळा आमच्या अण्णांचा नाही."

भाऊसाहेब हसले. "अगं वैशाली, फाउंड्रीतल्या सगळ्यांना माहीत आहे."

"मग फाउंड्रीतल्या सगळ्यांचं चुकलंय, काका."

"मी स्वतः होतो ना तेव्हा कारखान्यात. चेहरा त्याचाच घेतला."

"चेहरा घेतला असेल. माणूस दुसरा आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं असावं. तेही अपघाताच्या दिवशी फाउंड्रीत होते. त्यांनी मान खाली घातली आणि सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत बसले. नगरसेवकांच्या माणसाला मात्र काहीच कळत नव्हतं. तो आईकडं वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा. हे तुमचे मालक नाहीत का?"

आईने तुमच्या फोटोकडं बघितलं नाही. "आमचे असे नव्हते दिसत," ती म्हणाली.

अण्णा, तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर, आम्ही दोघींनी तुम्हाला ओळखलं नाही.  उद्यापासून बस त्या चौकात वळेल तेव्हा तिथं तुम्ही नसाल, आणि ते मी माझ्या तोंडाने केलं होतं.

"मग तो आहे तरी कोण?" त्या माणसाने विचारलं.

"शिवराम भोये," मी म्हणाले. "गाव पेठ तालुक्यातलं आहे. गावाचं नाव त्यांच्या बायकोला विचारून सांगते."

त्याने लिहून घेतलं.